ग्रंथी थकते का? मुलुंडच्या एका रेणूची गोष्ट

गेल्या दिवाळीच्या आधी मुलुंडला मावशीकडे गेले होते. चहा ठेवायच्या आधीच तिनं एक फाइल माझ्या हातात दिली. म्हणाली, "तू पीएच.डी. करतेस ना, मग हे वाच जरा. माझ्या ग्रंथी थकल्यात म्हणे."

फाइलमध्ये एका 'वेलनेस' केंद्राचा रंगीत रिपोर्ट होता. दिवसातून चार वेळा लाळ घेऊन त्यातलं कॉर्टिसोल मोजलेलं, त्याचा आलेख काढलेला आणि खाली ठळक अक्षरात निदान: 'ॲड्रेनल फटीग'. सोबत तीन महिन्यांच्या कॅप्सूल. सवयीनं मी डबी उलटी करून घटक वाचायला लागले. अश्वगंधा होतीच. त्याच्या खाली बारीक अक्षरात होतं, कोलियस फोर्सकोहली.

ते नाव वाचून मी थबकले. या झाडातून मिळणारा फोर्सकोलिन नावाचा रेणू आमच्या प्रयोगशाळेच्या फ्रीजरमध्ये असतो. ॲड्रेनल पेशींवर काम करणारे जगभरातले लोक तो वापरतात. आणि तो ज्या प्रयोगशाळांमध्ये पहिल्यांदा वेगळा झाला, त्यातली एक मावशीच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर होती, मुलुंडच्या एलबीएस मार्गावर.

म्हणजे 'ॲड्रेनलमध्ये नेमकं काय बिघडलंय' हे शोधायला ज्या रेणूनं मदत केली, त्याचंच झाड आता 'काहीतरी थकलंय' असं सांगून विकलं जात होतं. हा लेख त्या दोन वाक्यांमधल्या फरकाबद्दल आहे. पेटची तयारी करत असाल किंवा पहिला संशोधन प्रस्ताव लिहीत असाल, तर हा फरक तुमच्या उपयोगाचा आहे.

आधी थोडी ओळख

ॲड्रेनल, म्हणजे शाळेच्या पुस्तकातली अधिवृक्क ग्रंथी. दोन मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन छोट्या ग्रंथी, प्रत्येकी साधारण ४ ते ५ ग्रॅमची. आतला भाग ॲड्रेनलिन करतो. बाहेरचा भाग, म्हणजे कॉर्टेक्स, कॉर्टिसोल आणि अल्डोस्टेरॉन करतो.

यांचं महत्त्व पहिल्यांदा नीट दाखवलं लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधल्या थॉमस ॲडिसन यांनी. १८५५ मध्ये त्यांनी ११ रुग्णांची हकिगत छापली. हे लोक अशक्त होत गेलेले, वजन उतरलेलं, त्वचा काळवंडलेली. शवविच्छेदनात ॲड्रेनल खराब झालेल्या दिसल्या, आणि बऱ्याच जणांमध्ये कारण होतं क्षयरोग. पुढच्याच वर्षी ब्राऊन-सेकार यांनी प्राण्यांच्या ॲड्रेनल काढल्या आणि ते जगत नाहीत असं दाखवलं. १८९४ मध्ये ऑलिव्हर आणि शेफर यांनी ग्रंथीच्या अर्कानं रक्तदाब चढतो हे दाखवलं. १९०१ च्या सुमारास ताकामिने यांनी त्या अर्कातून ॲड्रेनलिन शुद्ध स्वरूपात वेगळं केलं.

मग आला ताण. १९१५ मध्ये हार्वर्डच्या वॉल्टर कॅनन यांनी भीती आणि राग यांचा संबंध ॲड्रेनलिनशी जोडला. १९३६ मध्ये माँट्रियलमध्ये हान्स सेलिए एका नव्या संप्रेरकाच्या शोधात उंदरांना बीजांडकोशाचा अर्क टोचत होते. त्यांना तीन गोष्टी दिसल्या: ॲड्रेनल मोठ्या झालेल्या, थायमस आक्रसलेली, पोटात व्रण. नवं संप्रेरक सापडलं असं वाटून ते खूश झाले. पण मग फॉर्मॅलिन टोचलं तरी तेच, थंडीत ठेवलं तरी तेच, अति व्यायाम करायला लावला तरी तेच. संप्रेरकाचा शोध तिथेच बारगळला. पण त्या अपयशातूनच त्यांनी मांडलं की वेगवेगळ्या त्रासांना शरीर एका ठरावीक पद्धतीनं उत्तर देतं. यालाच आपण पुढे 'स्ट्रेस' म्हणायला लागलो.

सेलिए यांनी या उत्तराचे तीन टप्पे सांगितले: धोक्याची घंटा, प्रतिकार, आणि शेवटी एक्झॉशन, म्हणजे दमून जाणं. आजच्या 'ॲड्रेनल फटीग'चं बरंचसं बळ या तिसऱ्या शब्दातून येतं. ताण असतो, मग ग्रंथी खूप काम करते, मग दमते. ऐकायला किती सरळ! पण त्या उंदरांच्या ॲड्रेनल ताणानं मोठ्या झाल्या होत्या, हे विसरू नका. दमणं हे सेलिए पूर्ण प्राण्याबद्दल बोलत होते. ग्रंथीची बॅटरी उतरते असं त्यातून सिद्ध होत नाही.

'ॲड्रेनल फटीग' हा शब्द तर फार अलीकडचा आहे. अमेरिकेत जेम्स विल्सन यांनी १९९८ मध्ये तो चालवला. २०१६ मध्ये ब्राझीलच्या कादेजियानी आणि काटेर यांनी या विषयावरचे ५८ अभ्यास एकत्र तपासले. त्यांच्या मते अशा अवस्थेला आधार देणारा पुरावा मिळत नाही. अंतःस्रावी तज्ज्ञांच्या संघटनाही हा आजार मानत नाहीत.

मग लोकांना थकवा येतो तो खोटा का? अजिबात नाही. सकाळी ७.४० ची फास्ट पकडून रात्री ९ ला घरी येणाऱ्या बाईचा थकवा खराच असतो. प्रश्न एवढाच की तो कुठून येतो. 'थकवा' ही तक्रार झाली. पत्ता अजून सापडायचा आहे.

निरोप कसा पोचतो

पत्ता शोधायचा तर रस्ता माहीत हवा. कॉर्टिसोलचा रस्ता असा: मेंदूतला हायपोथॅलॅमस पिट्यूटरीला निरोप देतो, पिट्यूटरी एसीटीएच नावाचं संप्रेरक रक्तात सोडते, ते ॲड्रेनल कॉर्टेक्सच्या पेशींपर्यंत जातं आणि पेशी कॉर्टिसोल करतात. कॉर्टिसोल वाढलं की वरच्या दोघांना 'आता पुरे' असा उलटा निरोप जातो.

पण एसीटीएच पेशीच्या आत शिरत नाही. ते दारावरच थांबतं. मग आत बातमी कशी जाते?

याचं उत्तर आलं यकृतातून. ॲड्रेनलिनमुळे यकृत साखर कशी सोडतं हे शोधताना अर्ल सदरलँड यांना १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात पेशीच्या आत फिरणारा एक छोटा रेणू सापडला: सायक्लिक एएमपी. त्यासाठी त्यांना १९७१ चं नोबेल मिळालं. १९५८ मध्ये रॉबर्ट हेन्स यांनी दाखवलं की गुरांच्या ॲड्रेनलच्या चकत्यांवर एसीटीएच घातलं की त्यातही सायक्लिक एएमपी वाढतं. म्हणजे ताणाचे दोन्ही मोठे निरोप्ये, ॲड्रेनलिन आणि एसीटीएच, आत जाऊन एकच भाषा बोलतात. (ॲड्रेनलिनचे दुसऱ्या वाटेनं जाणारे निरोपही असतात, ते आज बाजूला ठेवू.)

सोसायटीच्या दारावरच्या बेलसारखं समजा. एसीटीएच म्हणजे बटण दाबणारं बोट. रिसेप्टर म्हणजे बटण. आत ॲडेनिलेट सायक्लेज नावाचं एन्झाइम आहे, ती घंटा. सायक्लिक एएमपी म्हणजे तिचा आवाज. आवाज ऐकून घरातला माणूस उठतो आणि कॉर्टिसोल करतो.

आता समजा बोट दाबलं आणि कोणीच आलं नाही. बटण बिघडलं? घंटा? की घरातला माणूसच झोपलाय? बाहेर उभं राहून सांगता येत नाही. बटणाला हात न लावता थेट घंटा वाजवता आली, तरच कळेल. १९७० च्या दशकापर्यंत जिवंत पेशीत हे सहज, स्वच्छपणे करता येईल असं साधन संशोधकांच्या हातात नव्हतं.

एलबीएस मार्ग, मुलुंड

आज मॉल आणि टॉवर दिसतात त्या उपनगरांत तेव्हा औषध कारखान्यांची रांग होती. त्यातल्या काही कंपन्यांनी नुसतं उत्पादन न करता इथे मूलभूत संशोधनही सुरू केलं. गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्राचं उद्घाटन १९६३ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते झालं होतं. मुलुंडला होतं जर्मनीच्या हेक्स्ट कंपनीचं केंद्र. तिथे भारतीय वनस्पतींतून नवी औषधं शोधायचं काम चालायचं: झाड आणा, अर्क काढा, प्राण्यांवर परिणाम बघा, परिणाम दिसला की त्यातला नेमका रेणू वेगळा करा.

अशातच कोलियस फोर्सकोहली हाती आलं. तुळशीच्या कुळातली, मांसल मुळांची वनस्पती. आपल्याकडे माईनमुळा म्हणतात, गुजरातीत गरमर. घाटकोपर-मुलुंडच्या गुजराती घरांत गरमरचं लोणचं कोणाला नवीन नाही. नावातला 'फोर्सकोहली' म्हणजे पीटर फोर्सकोल, लिनियसचा शिष्य. १७६३ मध्ये येमेनच्या मोहिमेत तो वारला. त्याच्या नावावरून झाड, आणि झाडावरून रेणू.

मुळांच्या अर्कानं रक्तदाब उतरत होता आणि हृदयाचं आकुंचन जोरात होत होतं. १९७७ मध्ये सुजाता भट, बजवा, डॉर्नाउअर, डिसूझा आणि सहकाऱ्यांनी यातल्या डायटरपीन रेणूंची रचना प्रसिद्ध केली. हृदय आणि रक्तदाबावरचे परिणाम पुढच्या वर्षी लिंडनर, दोहदवाला आणि भट्टाचार्य यांनी छापले. सुजाता भट पुढे पवईच्या आयआयटीत रसायनशास्त्र शिकवायला गेल्या.

त्याच काळात लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेतही हेच झाड तपासलं जात होतं. तिथल्या गटानंही रक्तदाब उतरवणारा रेणू वेगळा केला आणि नाव दिलं कोलिओनॉल. सुरुवातीला दोन्हींच्या रचनेत फरक आहे असं वाटलं. नंतर स्पष्ट झालं की रेणू एकच आहे. जगात चाललं ते 'फोर्सकोलिन' हे नाव. तुम्ही जुने शोधनिबंध चाळत असाल तर दोन्ही नावांनी शोधा, नाहीतर अर्धा इतिहास हातातून सुटेल. साहित्याचा आढावा म्हणजे काय, ते इथे कळतं.

इथपर्यंत ही एका होऊ घातलेल्या रक्तदाबाच्या औषधाची गोष्ट होती. वळण आलं १९८१ मध्ये. अमेरिकेच्या एनआयएचमध्ये केनेथ सीमन, विल्यम पॅजेट आणि जॉन डेली यांनी दाखवलं की फोर्सकोलिन थेट ॲडेनिलेट सायक्लेजला चालू करतं. (हे डेली म्हणजे विषारी बेडकांच्या रसायनांमुळे प्रसिद्ध असलेले.) त्याच सुमारास हेक्स्टच्याच मेट्झगर आणि लिंडनर यांनीही हा परिणाम नोंदवला. रिसेप्टर नको, संप्रेरक नको. बटण न दाबता घंटा वाजायला लागली. शिवाय रेणू धुऊन काढला की ती थांबायची.

औषध म्हणून मात्र फोर्सकोलिन फारसं पुढे गेलं नाही. ते पाण्यात नीट विरघळत नाही. आणि जवळजवळ प्रत्येक पेशीच्या दारावर ही घंटा असते, त्यामुळे एकाच अवयवावर परिणाम मिळवणं अवघड. त्याचं पाण्यात विरघळणारं एक रूप जपानमध्ये हृदयाच्या तीव्र दुर्बलतेसाठी वापरात आलं, तेवढंच. पण औषध म्हणून जी अडचण, तीच साधन म्हणून ताकद ठरली. सगळ्या पेशींत घंटा वाजवणारा रेणू प्रत्येक प्रयोगशाळेला हवा होता.

बटण की घंटा

आता ॲड्रेनलकडे परत येऊ. माझ्या कामात ज्या पेशी वापरतो त्यांचं नाव एच२९५आर. माणसाच्या ॲड्रेनल कॉर्टेक्सच्या गाठीपासून वाढवलेल्या. या पेशी एसीटीएचला जेमतेम प्रतिसाद देतात. पहिल्या वर्षी मी एसीटीएच घालून तीन वेळा कॉर्टिसोल मोजलं आणि तीनही वेळा आकडा हललाच नाही. मी गाईडना म्हटलं, "मॅडम, पेशी थकल्यात बहुतेक." त्या हसल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "फोर्सकोलिन घालून बघितलंस का?"

घातलं. ४८ तासांनी कॉर्टिसोल चांगलं वाढलं. पेशी ठणठणीत होत्या. त्यांच्यावर एसीटीएचचे रिसेप्टरच फार कमी असतात. बटण कमकुवत, घंटा आणि घरातला माणूस दोघंही जागेवर. हे आधीच छापलेलं होतं, मी वाचलं नव्हतं. रसायनांचा संप्रेरक-निर्मितीवर परिणाम तपासायची ओईसीडीची जी प्रमाणित चाचणी आहे, तीही याच पेशींवर होते, आणि त्यात 'निर्मिती वाढते' हे दाखवायला फोर्सकोलिनच वापरतात.

हाच तर्क रुग्णांपर्यंतही जातो. काही मुलांमध्ये एसीटीएच भरपूर असूनही कॉर्टिसोल तयार होत नाही. १९९२ मध्ये एसीटीएचच्या रिसेप्टरचं जनुक सापडलं आणि १९९३ मध्ये अशा काही कुटुंबांत त्याच जनुकात दोष दिसला. ग्रंथी दमली नव्हती. तिला निरोपच ऐकू जात नव्हता.

एक सावधगिरीही सांगते. कुठलंही साधन फक्त आपल्याला हवं तेवढंच काम करत नाही. फोर्सकोलिन काही आयन चॅनेलवर आणि ग्लुकोज वाहून नेणाऱ्या प्रथिनांवरही परिणाम करतं. म्हणून काळजी घेणारे लोक सोबत १,९-डायडीऑक्सीफोर्सकोलिन वापरतात. तो जवळजवळ तसाच दिसणारा भाऊ, पण घंटा वाजवत नाही. दोघांनीही तोच परिणाम दिला, तर समजायचं की त्याचा सायक्लिक एएमपीशी संबंध नाही. तुमच्या प्रस्तावात 'कंट्रोल' हा शब्द लिहाल तेव्हा हा भाऊ आठवा.

मावशीचं काय झालं

त्या दिवशी फाइल बाजूला ठेवून मी मावशीला साधे प्रश्न विचारले. सकाळी मळमळ, उठल्यावर चक्कर, वजन ५ किलो उतरलेलं. आणि मग सहज म्हणून तिनं सांगितलं, "सांध्यांसाठी ती छोटी पांढरी गोळी घेत होते ना दीड वर्ष, ती उन्हाळ्यात बंद केली. चेहरा सुजायला लागला होता."

छोटी पांढरी गोळी म्हणजे प्रेडनिसोलोन. स्टेरॉइड. तिनं ती कोणालाही न विचारता एकदम बंद केली होती, आणि केंद्रातल्या कोणीही तिला त्याबद्दल विचारलं नव्हतं.

बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की मेंदूला 'पुरे' हा निरोप सतत जातो. पिट्यूटरी एसीटीएच सोडायचं कमी करते. बरेच महिने बेल वाजलीच नाही की ॲड्रेनल कॉर्टेक्स आक्रसतो. मग गोळी एकदम थांबली की शरीराकडे कॉर्टिसोलच उरत नाही. हा प्रकार धोक्याचा आहे. अशात ताप, अपघात किंवा ऑपरेशन झालं तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो.

दुसऱ्याच दिवशी आम्ही तिला एका मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या एंडोक्रिनॉलॉजी ओपीडीत नेलं. डॉक्टरांनी आधी तिचे हात आणि हिरड्या बघितल्या. काळवंडल्या नव्हत्या. ॲडिसनच्या रुग्णांमध्ये ग्रंथीच खराब असते, म्हणून पिट्यूटरी एसीटीएच ओतत राहते आणि त्यामुळे त्वचा काळवंडते. इथे ते नव्हतं, म्हणजे बिघाड वरच्या बाजूला असावा. सकाळी ८ चं कॉर्टिसोल कमी आलं. मग एसीटीएच टोचून पुन्हा मोजलं, तर थोडंच वाढलं. त्यांनी योग्य मात्रेत स्टेरॉइड पुन्हा सुरू केलं, ते महिन्यामहिन्यानं हळूहळू उतरवायचं ठरलं आणि पर्समध्ये ठेवायला एक कार्ड दिलं: 'मी स्टेरॉइडवर आहे.'

त्या बेडशेजारी उभी असताना माझ्या लक्षात आलं की ही चाचणी आणि माझा प्रयोग यांचा स्वभाव एकच आहे. साखळीतल्या एका ठिकाणी हात घालायचा, आणि पुढे काय होतं ते बघायचं. लाळेचा तो रंगीत आलेख नुसतंच बाहेरून बघत होता. (लाळेतलं कॉर्टिसोल निरुपयोगी नाही बरं का. कुशिंगसारख्या, कॉर्टिसोल जास्त असण्याच्या आजारात रात्रीचा नमुना खरंच कामाचा असतो. 'थकवा' मोजायला मात्र नाही.)

मावशी आता बरी आहे. गोळी अजून पूर्ण सुटलेली नाही, पण जिने चढते. कॅप्सूलची डबी मी मागून घेतली. माझ्या टेबलावर असते.

प्रस्ताव लिहिणाऱ्यांसाठी

'मुंबईच्या नोकरदार महिलांमधील ताण आणि ॲड्रेनल आरोग्य' अशा धर्तीचे विषय ज्युनिअर्स मला बऱ्याचदा पाठवतात. विषय चांगलाच आहे. पण पहिल्या पानावर 'ॲड्रेनल कमकुवत होते' असं लिहिण्याआधी साखळी कागदावर काढा: हायपोथॅलॅमस, पिट्यूटरी, एसीटीएच, रिसेप्टर, सायक्लेज, कॉर्टिसोल, उलटा निरोप. मग बोट ठेवून सांगा की तुमचं मोजमाप कुठल्या दुव्यावर आहे आणि तो दुवा ठीक असेल तर काय दिसायला हवं. हे सांगता आलं नाही, तर तुमचा प्रश्न अजून तक्रारीच्या पातळीवर आहे. आणि सहभागी व्यक्तींना 'कुठली गोळी चालू आहे किंवा नुकतीच बंद केली' हे विचारल्याशिवाय कॉर्टिसोलचा एकही आकडा लिहू नका.

मुलुंडचं ते केंद्र १९९८ मध्ये निकोलस पिरामलनं घेतलं, नाव बदललं. फोर्सकोलिनची बाटली आज आम्ही परदेशी कंपनीकडून मागवतो. काही मिलिग्रॅमसाठी खरेदी विभागात तीन सह्या लागतात. गेल्या महिन्यात नवीन बाटली आली तेव्हा एका ज्युनिअरनं विचारलं, "ताई, हे कुठलं असतं?"

म्हटलं, "मुलुंडचं. संध्याकाळी स्टेशनला जाताना सांगते."